सातपूरच्या काकांकडे रायफलचा अडकणारा लिव्हर दुरुस्त करून घेतला, त्याचा सविस्तर अनुभव

ज्यांची मुलं नाशिकमध्ये एअर रायफल शूटिंग करतात त्यांच्यासाठी हे लिहितेय, जरा लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा, कारण या एका लिव्हरपायी आमचे तीन आठवडे गेले आणि त्यातले दोन आठवडे तर उगाचच गेले.

माझी मुलगी नववीत आहे, 10 मीटर एअर रायफल करते, तिसरं वर्ष चालू आहे. रायफल पीसीपी, म्हणजे नळीखाली हवेचा सिलेंडर असतो ती, परदेशी बनावटीची, एका सिनियर मुलाकडून सेकंडहँड घेतलेली कारण नवीन घेण्याची आमची ऐपत नव्हती. डिसेंबरच्या सुरुवातीला एक दिवस रेंजवरून आली ती किट बॅग दारातच टाकून नुसती बसून राहिली, म्हणाली आई लिव्हर अडकतोय. मला वाटलं एखादा छर्रा वाकडा बसला असेल, निघेल. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्या मागे उभी राहून बघितलं, तर साईडचा कॉकिंग लिव्हर मागे ओढताना पाऊण अंतरावर येऊन थांबत होता, तिथून पुढे न्यायला झटका द्यावा लागत होता, आणि बंद करताना अगदी शेवटच्या टप्प्यात परत अंगठ्यानं रेटावं लागत होतं.

ज्यांना या खेळातलं माहिती नाही त्यांना वाटेल एवढ्यानं काय होतंय, पोरगी धट्टीकट्टी आहे, ओढेल जोर लावून. पण बघा, मॅचला 60 शॉट असतात आणि वेळ 75 मिनिटं, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट, त्याच्या आधी नेम जुळवायचे सायटिंगचे शॉट वेगळे. म्हणजे तो लिव्हर साठच्या वर वेळा उघडायचा आणि बंद करायचा. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. मुलं डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून, पाय मोजून ठेवून, एक पोझिशन लावतात आणि ती शॉटमागून शॉट तशीच ठेवायचा प्रयत्न करतात. लिव्हरला झटका दिला की खांद्यावर टेकवलेली बट, म्हणजे रायफलचं मागचं टोक, सरकते, पाठीचा बाक बदलतो, आणि मग पोझिशन परत पहिल्यापासून लावायची. पंधराव्या शॉटपर्यंत मुलगी दमून जायची आणि चिडायची, स्कोअर सीरीजमागे, म्हणजे दर दहा शॉटला, दोन-दोन पॉइंट खाली आला. 2021 ला टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं होतं ते आठवत असेल, मिनिटं वाया गेली, शेवटी 575 वर 12 वी आली आणि दोन पॉइंटनं फायनल हुकली. इतक्या मोठ्या खेळाडूचं असं होतं, मग चौदा वर्षांच्या मुलीचं काय होणार.

आता आमचं काय चुकलं ते पण सांगते. आमच्या ह्यांनी पहिल्याच संध्याकाळी शिलाई मशीनचं तेल आणून लिव्हरच्या फटीत सोडलं. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जड. मग एका दुसऱ्या शहरातल्या नावाजलेल्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला, माझा भाऊ गाडीनं रायफल तिकडे पोचवून आला. नऊ दिवस त्यांच्याकडे होती. नऊ दिवसांनी फोन आला की लिव्हर आणि बोल्टची (छर्रा नळीत ढकलणारा दांडा) पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, पार्ट बाहेरच्या देशातून येईल, दीड महिना लागेल आणि 32 हजार रुपये. विभागीय स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली. मी विचारलं की नेमकं काय खराब झालंय, तर त्यांचं एकच, घासलंय मॅडम. काय घासलंय, कुठे घासलंय, फोटो पाठवता का, तर नाही. 2 हजार इन्स्पेक्शनचे भरून रायफल परत आणली. काकांनी नंतर सांगितलं की रायफल स्टॉकमधून, म्हणजे खांद्याला लावायच्या दस्त्यातून, बाहेर काढलेलीच नव्हती, स्क्रूच्या खाचेत बसलेली धूळ जशीच्या तशी होती. मला फार राग आला त्या दिवशी, अजून येतो.

रेंजवरच्या एका मुलाच्या आईनं मला सातपूरच्या काकांचं सांगितलं. त्र्यंबक रोडनं पपया नर्सरीच्या पुढे जाऊन एमआयडीसीच्या आतल्या एका गल्लीत त्यांचं वर्कशॉप आहे, वर्कशॉप म्हणजे पत्र्याच्या शेडमधला अर्धा भाग, एक जुना छोटा लेथ, एक ड्रिल मशीन, आणि खिडकीजवळ पांढरा कागद अंथरलेलं टेबल. काका फौजेतून रिटायर झालेत, ईएमईमध्ये (लष्कराची यंत्रदुरुस्तीची शाखा) आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, होते, आता साठी ओलांडलेली. पाटी नाही. त्यांचा मुख्य धंदा लेथकाम, एअर रायफलचं काम ते आवड म्हणून घेतात. नाव आणि नंबर मी इथे टाकत नाही कारण तसं त्यांनीच सांगितलंय, आपापल्या रेंजवर सरांना विचारा, जुन्या लोकांना ते माहिती आहेत.

गेल्यावर पहिली गोष्ट आवडली ती अशी की त्यांनी रायफल माझ्या किंवा ह्यांच्या हातून घेतली नाही, मुलीला म्हणाले बेटा, तुझी आहे ना, तूच काढ. मझल, म्हणजे नळीचं तोंड, भिंतीकडे, तिथे वाळूची पोती रचलेली आहेत. लिव्हर जेवढा उघडतो तेवढा उघडून आत छर्रा नाही ना ते डोळ्यांनी बघायला लावलं, मग सिलेंडर फिरवून काढायला लावला, आणि सिलेंडर काढल्यावरही आत थोडी हवा शिल्लक राहते ती पोत्यांकडे दोन रिकामे शॉट मारून संपवायला लावली. मग नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी. एवढं होईपर्यंत त्यांनी एक स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा उचलला नव्हता. मला म्हणाले ताई, लिव्हर अडकलाय म्हणून लोक घरी रायफल मांडीवर घेऊन ओढतात, नळी कुठे बघतेय याचं भान राहत नाही, छर्रा आत आहे का नाही माहिती नसतं, आणि जोर लावल्यावर लिव्हर सटकला तर बोटं जातात. आमच्या घरी हे सगळं अगदी असंच झालं होतं, सोफ्यावर बसून, त्यामुळे मी ऐकून घेतलं.

नंतर त्यांनी मुलीला प्रश्न विचारले, आणि माझ्या मते निम्मी दुरुस्ती तिथेच झाली. कधीपासून होतंय. सकाळी जास्त का दुपारी. उघडताना का बंद करताना. रोज त्याच जागी का कधी इथे कधी तिथे. आणि शेवटचा प्रश्न, हे सुरू व्हायच्या आधी रायफलवर शेवटचं काय बदललं. मुलगी म्हणाली दिवाळीत स्टॉक बदलला, कारण तिची उंची वाढली आणि जुना लाकडी स्टॉक आखूड पडायला लागला, म्हणून ॲल्युमिनियमचा बसवला. काकांनी मान हलवली आणि विचारलं की स्क्रू कुठले लावले. तर ह्यांनी सांगितलं की मागचा जुनाच आहे, पुढच्याचं ॲलन कीचं भोक गोल झालं होतं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून त्याच आट्यांचा आणला. त्या नऊ दिवसांत त्या मोठ्या सर्व्हिसवाल्यांनी यातला एकही प्रश्न आम्हाला विचारला नव्हता.

मग काकांनी मुलीला डोळे मिटून लिव्हर अगदी हळू उघडायला सांगितलं, अडकला की थांबायचं, आणि ते तिथे पट्टीवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवत होते. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा टेप एकाच जागी. त्यांनी समजावलं ते मी तसंच लिहिते, कारण हे कळलं तर निम्म्या लोकांचं काम घरीच होईल. लिव्हर जर सगळ्या अंतरात सारखा जड जात असेल तर घाण, सुकलेलं ग्रीस किंवा थंडी. जर नेमक्या एकाच जागी अडकत असेल तर धातूला धातू लागतोय. जर फक्त बंद होताना शेवटी अडकत असेल तर बोल्टच्या तोंडाची ओरिंग (हवा अडवणारी रबरी रिंग) नाहीतर छर्रा नीट बसत नाहीये. आणि कधी अडकतो कधी नाही असं असेल तर लिव्हरची पिन किंवा जोडणीचा स्क्रू ढिला झालाय. आमच्या रायफलमध्ये पहिल्या तीन गोष्टी एकदम होत्या, म्हणून कोणाला काही उमगत नव्हतं.

पुढचा स्क्रू त्यांनी फक्त अर्धा फेरा ढिला केला आणि म्हणाले आता उघड. लिव्हर त्या टेपच्या जागेवरून सरळ पुढे गेला, जड होता पण अडकला नाही. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. स्क्रू पूर्ण काढून त्यांनी टोक दाखवलं, काळ्या स्क्रूच्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढी चकचकीत जागा, घासून घासून उजळलेली. व्हर्नियर लावला, जुन्या स्क्रूपेक्षा नवा अडीच मिलिमीटर लांब. त्या जादा लांबीमुळे स्क्रूचं टोक ॲक्शनच्या, म्हणजे रायफलच्या मधल्या यंत्रणेच्या, आत जाऊन हॅमरच्या (हवेचा व्हॉल्व्ह उघडणारा ठोकळा) खालच्या बाजूला टेकत होतं. लिव्हर उघडताना बोल्ट मागे येतो आणि हॅमरला मागे ढकलून त्याची स्प्रिंग दाबतो, तो हॅमर सरकताना बरोबर पाऊण अंतरावर त्या टोकावर चढत होता. 32 हजारांची असेंब्ली बदलून रायफल परत त्याच स्क्रूनं आवळली असती तर नवीन असेंब्लीसुद्धा त्याच जागी अडकली असती.

स्क्रू त्यांनी लेथवर तेवढा कमी केला, टोकाची धार मारली, आणि हॅमरवर उठलेली बारीक रेघ ऑइल स्टोननं हलकेच घासून गुळगुळीत केली. फाईल वापरली नाही, मुलीनं विचारलं तर म्हणाले फाईलनं माप जातं. बसवताना टॉर्क रेंच, रायफलच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो तेवढाच. मॅन्युअल आमच्याकडे मोबाईलमध्ये होतं, आम्ही कधी उघडलंच नव्हतं. आपल्याकडे सगळे हातानं कचकचून आवळतात, त्यानंसुद्धा ॲक्शन वाकल्यासारखी ताणली जाते आणि लिव्हर जड होतो, आणि ग्रुपिंग, म्हणजे छर्रे एकाच जागी लागणं, बिघडतं ते वेगळंच.

मग आतलं काम. बोल्ट बाहेर काढला तेव्हा कागदावर जे पडलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं, काळं, चिकट, काजळात तूप कालवल्यासारखं. छर्रे शिशाचे असतात, बोल्टनं ढकलताना त्यांची बारीक भुकटी निघते, त्यात सफाईच्या फेल्टचे धागे, त्यात आधीच्या मालकानं भरलेलं गाडीच्या बेअरिंगचं जाड ग्रीस आणि वरून आमचं शिलाई मशीनचं तेल. सकाळी जास्त जड का जायचं तेही तिथेच कळलं. डिसेंबरात नाशिकची सकाळ कशी असते तुम्हाला माहितीये, निफाडकडे तर विचारूच नका, आणि आमची रेंज म्हणजे पत्र्याचा हॉल, सात वाजता आत बाहेरपेक्षा जास्त गार. जाड ग्रीस थंडीत मेणासारखं घट्ट होतं. दुपारी तीच रायफल बरी चालायची म्हणून सर म्हणायचे तुझं वॉर्मअप कमी पडतंय, आणि पोरगी बिचारी अर्धा तास आधी जाऊन हात गरम करत बसायची.

सफाई करताना काकांनी हातमोजे घातले, मुलीलाही दिले, आणि शेजारी कॉम्प्रेसर असून त्याची हवा मारली नाही. म्हणाले शिसं आहे, उडवलं की नाकात जातं, म्हणून कापसाच्या काडीनं टिपून घ्यायचं, कागद गुंडाळून टाकायचा, नंतर साबणानं हात धुवायचे आणि मगच चहा. रेंजवर मुलं छर्रे हाताळून तशीच डबा खातात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो, पालकांनी यावर बोललं पाहिजे खरंच.

तेलाबद्दल ते कडक बोलले, ह्यांना उद्देशूनच, पण आवाज न चढवता. साधं तेल आत झिरपत हवेच्या बाजूला गेलं तर दाबाखाली पेट घेऊ शकतं, सिलेंडरमध्ये 200 बार हवा असते, खेळ नाहीये. ओरिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस. लिव्हरची पिन आणि हॅमर, जिथे लोखंडावर लोखंड जोरानं घासतं, तिथे मोलिब्डेनमवालं ग्रीस, कारण सिलिकॉन तिथे टिकत नाही. आणि दोन्हीकडे किती, तर तांदळाच्या दाण्याएवढं, बोटानं पसरून परत पुसून घ्यायचं, नुसती ओल राहिली पाहिजे. ट्रिगरच्या आत काहीही घालायचं नाही, सिअरला, म्हणजे हॅमर धरून ठेवणाऱ्या खटक्याला, हात लावायचा नाही. बोल्टच्या तोंडाची ओरिंग काढली तर एका बाजूनं चिरलेली होती आणि बंद करताना दुमडत होती, म्हणून तो शेवटचा अंगठ्याचा जोर. नवी बसवली आणि मुलीच्या हातात एका डबीत दोन जादा दिल्या. ती कशी काढायची तर लाकडी टूथपिकनं, सुईनं नाही, सुईनं खोबणीला ओरखडा पडतो आणि मग तिथून हवा सुटत राहते. दुसरी ओरिंग त्यांनी तिच्याकडूनच बसवून घेतली, पहिल्यांदा वाकडी बसली, दुसऱ्यांदा बरोबर.

एक गैरसमज आमच्या रेंजवर खूप आहे तो पण त्यांनी काढला. लोक म्हणतात सिलेंडर जास्त भरला की लिव्हर जड होतो. पीसीपीमध्ये लिव्हर फक्त हॅमरची स्प्रिंग दाबतो, सिलेंडरच्या दाबाचा त्याच्याशी संबंध नाही. जुन्या सिंगल स्ट्रोक रायफली असतात ना, ज्यात प्रत्येक शॉटला लिव्हरनंच हवा दाबायची असते, त्यांचा लिव्हर जड असणारच, क्लबमध्ये लहान मुलं त्यांच्यावर शिकतात आणि तो गोंधळ पुढे घेऊन येतात. सिलेंडर लिहिल्यापेक्षा जास्त भरू नये हे खरं आहे पण कारण वेगळं आहे. सिलेंडरवर तारीख असते, आमच्याची काकांनी वाचून दाखवली, अजून चार वर्षं आहेत, दहा वर्षांच्या पुढे तो स्पर्धेत चालत नाही, सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे आधी बघा.

काम चालू असताना मुलीनं विचारलं की आजोबा फौजेतल्या रायफलीचं पण असं अडकतं का. मग ते खुलले. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत 7.62 मिलिमीटरची एसएलआर ही फौजेची रायफल होती, सेमी-ऑटोमॅटिक, 20 राउंडचं मॅगझिन, कॉकिंग हँडल डाव्या बाजूला. ते हँडल अडकलं तर दोष हँडलमध्ये क्वचितच असायचा असं म्हणाले. बहुतेक वेळा चेंबरमध्ये झाडलेल्या गोळीचं रिकामं खोकं चिकटून बसलेलं असायचं, बोल्ट मागे येत नाही म्हणून हँडल येत नाही, आणि माणसाला वाटतं हँडल खराब आहे. नाहीतर दारूचा कार्बन साचून बोल्ट कॅरिअर कोरडा पडलेला, नाहीतर हँडलच्या खाचेत माती, देवळालीच्या रेंजवर उन्हाळ्यात जी बारीक धूळ उडते तिनं तर हमखास. त्यावर शिकवणी अशी की पहिलं मॅगझिन काढा, मझल समोर, बोट ट्रिगरच्या बाहेर, मग बघा काय अडकलंय, लाथ मारून किंवा बट जमिनीवर आपटून हँडल उघडायचं नाही कारण आत जिवंत राउंड असू शकतो. आणि रोज संध्याकाळी पुल थ्रू (नळीतून ओढायची सफाईची दोरी) आणि चिंदी, कोणी असो. एअर रायफलमध्ये दारू नाही म्हणून कार्बन नाही, पण त्याच्या जागी शिसं आहे, बाकी विचार करायची पद्धत तीच, असं ते म्हणाले, म्हणजे हँडल हे फक्त टोक आहे, अडकलेलं आत कुठेतरी असतं. मुलगी ते सगळं वहीत लिहून घेत होती, तिची शूटिंग डायरी असते त्यात.

हो, एक महत्त्वाचं, लायसन्सची कुठलीही बंदूक ते हातात घेत नाहीत. तशा हत्याराची दुरुस्ती करायला आर्म्स ॲक्टखाली वेगळं लायसन्स लागतं आणि ते त्यांच्याकडे नाही, त्यामुळे आजोबांची बारा बोअर घेऊन तिकडे जाऊ नका, परत पाठवतील. एअर रायफलचंसुद्धा 4.5 मिलिमीटरच्या आत आणि 20 जूलच्या आतलंच काम करतात, आणि कोणी ताकद वाढवून द्या म्हणून आलं तर सरळ नाही म्हणतात, आमच्यासमोरच एका तरुणाला तसं सांगितलं.

खर्च एकूण 1150 रुपये झाला, त्यात ओरिंगा, ग्रीस, स्क्रूचं लेथकाम सगळं आलं. वेळ साडेतीन तास, आम्ही तिथेच बसून. जुने भाग सगळे एका पिशवीत घालून परत दिले.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या पण लिहिते म्हणजे तुम्ही तयारीनं जाल. फोन लगेच उचलत नाहीत, लेथ चालू असतो, मला चार वेळा करावा लागला. पक्कं बिल देत नाहीत, चिठ्ठीवर लिहून देतात, ज्यांना संस्थेकडून पैसे परत घ्यायचे असतात त्यांची अडचण होईल. बसायला एक बाकडं आहे, टॉयलेट शेजारच्या कारखान्याचं, बायकांना अवघड जातं. छर्र्याचा वेग मोजायचं क्रोनोग्राफ त्यांच्याकडे नाही आणि माझ्या मते ते असायला हवं, कारण बोल्ट उघडल्यानंतर वेग तपासल्याशिवाय रायफल मॅचला नेऊ नये. आम्ही दुसऱ्या दिवशी रेंजवर सरांकडे तपासलं, दहा शॉट, सगळे 170 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, पुढेमागे फार फरक नाही. आणि एकटे आहेत, एका वेळी एकच रायफल घेतात, स्पर्धांच्या सीझनमध्ये पाच-सहा दिवस थांबावं लागतं.

याच्यावर अजून एक सांगायचंय. स्वप्निल कुसाळे 2024 ला पॅरिसहून 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेऊन आला, त्याची शूटिंगची सुरुवातीची वर्षं नाशिकलाच गेली, क्रीडा प्रबोधिनीत. त्यानंतर आमच्या रेंजवर मुलं इतकी वाढली की लेनसाठी थांबावं लागतं. पालक कर्ज काढून लाख-दोन लाखांची रायफल घेतात आणि ती अडकली की गावात हक्कानं जायला एक पत्र्याची शेड आहे, तीही एका माणसाच्या आवडीवर चाललेली. काका म्हणत होते दोन पोरं मिळाली तर शिकवीन, पैसे नको, पण रोज यायला पाहिजे. आयटीआय झालेलं कोणी असेल, हाताला कौशल्य असेल, तर खरंच जाऊन भेटा. मला हे फार मनापासून वाटतं.

दुरुस्तीला आता सहा आठवडे झाले. जानेवारीतल्या कडाक्याच्या सकाळी मी मुद्दाम तिच्या मागे उभी राहिले, लिव्हर दोन बोटांनी उघडत होती, बट खांद्यावरून हलत नव्हती. विभागीयला तिचा नंबर आला नाही, तयारीचे तीन आठवडे बुडाले होते ते भरून निघाले नाहीत, पण शेवटच्या दोन सीरीज तिच्या वर्षातल्या सगळ्यात चांगल्या गेल्या. दर रविवारी ती आता कागद अंथरून स्वतः बोल्ट पुसते, ओरिंगवर नखानं चीर लागते का बघते, आणि डायरीत किती शॉट झाले ते लिहिते.

काकांकडे जाणार असाल तर त्यांनी मला फोनवर जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. रायफल बॅगेत, सिलेंडर काढून वेगळा गुंडाळून, छर्रे घरी ठेवून या. काढलेला एखादा जुना स्क्रू, वॉशर, पिन काहीही असेल तर सोबत आणा, फेकू नका. घरून निघण्याआधी तेल घालू नका. आणि ज्याची रायफल आहे त्या मुलाला किंवा मुलीला सोबत आणा, नुसते पालक रायफल घेऊन आले तर ते उद्या या म्हणतात.